गोल्डफिश दुसऱ्या आठवड्यात का मरतो? इंदूरच्या पाण्यासकट सगळा हिशोब

नमस्कार मंडळी! मुलांनी हट्ट धरला, रविवारी दोन गोल्डफिश, एक गोल बाऊल आणि मूठभर रंगीत खडे घरी आले. पहिला आठवडा कौतुकात गेला. दहाव्या-बाराव्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो आणि घरात निकाल लागतो: "दुकानदारानं आजारीच दिला." कधी दिलाही असेल. पण दुसऱ्या आठवड्यातल्या या मरणाचं नेहमीचं कारण दुकानात नसतं, पाण्यात असतं.

(पाच लिटरचा बाऊल हातात घेऊन) मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती झाली, की त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइटमुळे रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्या मानानं सौम्य, तो दर आठवड्याला पाणी बदलून काढता येतो. अडचण एवढीच, की ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे मासे आज आले आणि त्यांचे सफाई कामगार दीड महिन्यानं कामावर येणार. मधल्या काळात हे पाच लिटर पाणी विषारी व्हायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून बाऊल आधी माळ्यावर. त्यात साबुदाणा भिजवा.

आता टँक. फुगीर पोटाचे, दुहेरी शेपटीचे ओरांडा किंवा फँटेल घेणार असाल, तर पहिल्या माशाला 75 लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला 40 लिटर धरा. 3 फूट लांब, 1 फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे साडेचार घनफूट, काठोकाठ 127 लिटर. वरची मोकळी जागा आणि तळाची वाळू वजा केली, तर पाणी 110 लिटरच्या आसपास. दोन मासे, बास. लांबट अंगाचे एकेरी शेपटीचे कॉमेट फूटभर वाढू शकतात, ते हौदाचे मासे आहेत, हॉलमधले नाहीत. दुकानातलं दोन इंचांचं पिल्लू बघून टँक घेऊ नका. नीट ठेवला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. आज दुसरीत असलेलं मूल कॉलेजात जाईल तेव्हाही तो असेल.

भरलेल्या टँकचं वजन दीडशे किलोच्या वर जातं, तेव्हा टीव्हीच्या नाजूक स्टँडवर नको. खाली थर्माकोलची शीट घाला, म्हणजे काचेच्या तळावर एका जागी ताण येत नाही. फिल्टर तासाला 600 ते 900 लिटर पाणी फिरवणारा हवा. गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, त्यामुळे फिल्टरमध्ये काटकसर नको. आणि जमिनीत रुजवायची रोपं लावायला जाऊ नका, सगळी उपटून ठेवेल. दगडाला बांधलेलं अनुबियास टिकतं.

आता आपलं इंदूरचं पाणी. नळाला येतं ते जलूदहून उचललेलं नर्मदेचं पाणी, क्लोरीन घातलेलं. आपल्यासाठी ते क्लोरीन हवंच, पण माशाचे कल्ले आणि स्पंजवरचे जिवाणू दोघांनाही ते मारतं. बऱ्याच वस्त्यांत नळ दिवसाआड येतो. त्याचाच फायदा घ्या: नळ आला, की दोन बादल्या उघड्या भरून ठेवा, 24 तासांनी वापरा. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. बोअरिंगचं जड पाणी ऐकून घाबरू नका, गोल्डफिशला ते चालतं, उलट फार मऊ पाणीच सोसत नाही. आरओचं तर मुळीच नको. फक्त आज नर्मदा, उद्या बोअरिंग असा खेळ करू नका. पाणी एकाच जातीचं ठेवा.

मासे अजून आणले नसतील, तर टँक भरा, फिल्टर चालू करा आणि रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजेल, अमोनिया होईल, जिवाणूंना जेवण मिळेल. टेस्ट किटमध्ये आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागला, की मासे आणा. ओळखीत कुणाचा जुना टँक असेल, तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून घ्या. दुकानातल्या जिवाणूंच्या कुठल्याही बाटलीपेक्षा तो भारी.

मासे आधीच घरात आले असतील (बहुतेकांचं हेच झालेलं असतं), तर दिवसाआड पाव टँक पाणी बदला, खाणं निम्मं करा. नायट्राइट दिसला, तर लिटरला 1 ग्रॅम खडे मीठ, म्हणजे 110 लिटरला 110 ग्रॅम. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ मगात विरघळवून घाला. आणि लक्षात ठेवा, मीठ उडून जात नाही: पुढच्या वेळी 25 लिटर पाणी बदललंत, तर 25 ग्रॅमच घालायचं.

(सायफन पाइप दाखवत) टँकमध्ये जिवाणूंची वस्ती बसल्यावर आठवड्याला 30 टक्के पाणी बदला, ते तळातली घाण ओढत काढायचं. आता सगळ्यांत मोठी चूक ऐका: आपल्याकडे दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की फिल्टरही नळाखाली लखलखीत होतो. म्हणजे सगळे जिवाणू मोरीत, आणि तुम्ही परत पहिल्या दिवसावर. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. मळका दिसू दे.

खाणं. गोल्डफिशला जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं, म्हणून तो कायम भुकेलाच वाटतो. तुम्ही समोर आलात, की शेपटी हलवणार, त्याला भुलू नका. बुडणारे दाणे, मिनिटभर भिजवून, दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपतील एवढेच. तरंगणारं खाणं घ्यायला गेला, की हवा गिळतो, आणि फुगीर जातींचा तोल बिघडतो. मासा तिरका पोहू लागला, तर एक-दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटारचा अर्धा दाणा. ब्रेड, टोस्ट, पोळीचा चुरा नाही. इंदुरात प्रत्येक गोष्टीवर शेव पडते हे खरं, इथे हात आवरा.

आता माशाकडे बघायला शिका. वर येऊन तोंडानं हवा ओढतोय, म्हणजे प्राणवायू कमी किंवा अमोनिया जास्त. तातडीनं तिसरा हिस्सा पाणी बदला. पर मिटून तळाशी बसलाय, तर औषध शोधण्याआधी पाणी तपासा. अंगभर रव्यासारखे दाणे, म्हणजे व्हाइट स्पॉट. पण ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला, ओळीत असतील, तर थांबा! तो रोग नाही, नर वयात आलाय. याच ठिपक्यांवर निळं औषध ओतून चांगला मासा मारलेली घरं कमी नाहीत.

मे महिन्यात दोन संकटं एकत्र येतात. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात, आणि गरम पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी टँकमध्ये ओतू नका, पाणी सकाळी बदला. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा टेबल फॅन लावला, की दोन-तीन अंश उतरतात. हिवाळ्यात हीटर लागत नाही, फक्त खाणं कमी करा. वीज जाते त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. तो नसेल, तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून फरशीवर.

दुकानदार "काच साफ ठेवेल" म्हणून सकर मासा देऊ करेल. घेऊ नका. तो रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाखतो. आणि कुठलाही मासा नकोसा झाला म्हणून सिरपूर तलावात सोडू नका, ती 2022 पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा आहे. दुकानात परत द्या किंवा कुणाच्या हौदात.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मोठा, धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी सहज राहतो. खाण्याचा डबा शेजारच्या काकूंकडे देऊन जाऊ नका, त्या प्रेमानं खाऊ घालतील आणि तुम्ही परत याल तेव्हा टँक दुधाळ झालेला असेल. द्यायचंच असेल, तर एकाआड एक दिवसाच्या पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात लपवा.