घाटउतारावरचे फटाके

[दृश्य: पसरणी घाट, सकाळ. खाली धोम धरणाचं पाणी. कार्ब्युरेटरवाली रॉयल एन्फिल्ड क्लासिक 350 वळण घेऊन उतरते आहे.]

पाचगणी मागे पडली की पसरणी घाट लागतो. इथून वाईपर्यंत रेस फारशी द्यावी लागत नाही. मनगट सैल सुटतं, गाडी इंजिनाच्या ब्रेकवर उतरू लागते. आणि मग हे.

[निवेदन थांबवा. फक्त सायलेन्सरचा आवाज, आठ सेकंद.]

फटाका सायलेन्सरमध्ये फुटतो, दुखणं मात्र बहुतेक वेळा वरच्या अंगाला असतं.

[दृश्य: कापलेल्या इंजिनाचं मॉडेल, पिस्टन हाताने फिरवताना.]

रेस सोडली तरी चाक इंजिनाला फिरवतच राहतं. थ्रॉटल बंद, त्यामुळे सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण जेमतेम येतं आणि आधीचा जळका वायू त्यात भरपूर मिसळलेला असतो. प्लग ठिणगी टाकतो, पण मिश्रण पेट घेत नाही. न जळलेलं पेट्रोल तसंच बेंड पाइपात, म्हणजे इंजिनाच्या हेडपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीत जातं. पुढची एखादी फेरी नीट जळते, तिचा तप्त वायू मागून येतो आणि आधी साठलेलं सगळं पेटवतो. थोडा ऑक्सिजन त्या न जळलेल्या मिश्रणातही असतो, म्हणून एखादी बारीक फट् चांगल्या गाडीतही होते. तिच्या मागे लागू नये. सलग माळ फुटायला लागली, तर मात्र आधी दोन शक्यता धरायच्या: कुठून तरी बाहेरची हवा आत येते आहे, किंवा कार्ब्युरेटर लीन चालतो आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी सोडतो आहे.

आधी हवा शोधायची. कार्ब्युरेटरवरचा हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलणारा मिक्श्चर स्क्रू सगळ्यात शेवटी. गॅरेजात नेमकं उलटं होतं. डिसमिस आधी हातात येतो, स्क्रू फिरतो, फटाके दोन दिवस दबतात, ॲव्हरेज पडतं आणि मूळ गळती तिथेच राहते.

[दृश्य: थंड इंजिन. ब्रशने साबणाचं पाणी बेंडच्या जोडावर. बुडबुडे, अगदी जवळून.]

इंजिन थंड असताना हेडजवळच्या जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि गाडी चालू करायची. जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड एक-दोन सेकंद दाबलं, की जोडातलं पॅकिंग जिथे चेपून गेलं असेल तिथे बुडबुडे येतात, फस्स आवाजही येतो. जोडाभोवती काळी काजळी उमटली असेल तर पाण्याचीही गरज नाही.

वायू बाहेर पडतो तिथून हवा आत कशी जाईल, असं वाटतं. पण एग्झॉस्ट सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने वाहतो. दाबाची लाट पुढे गेली की तिच्या मागे क्षणभर ओढ तयार होते, आणि त्या ओढीत ही फट बाहेरची हवा शोषून घेते. तीही बरोब्बर तिथे, जिथे वायू सगळ्यात गरम असतो.

[दृश्य: बेंड उतरवताना. जुनं चपटं पॅकिंग आणि नवं, तळहातावर शेजारी शेजारी.]

एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग पुन्हा वापरायचं नाही. ते परत फुगत नाही. स्टड गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल टाकून ठेवावं. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला, तर तीस रुपयांचं काम लेथवर जातं.

बसवताना क्रम महत्त्वाचा. हेडचे नट आधी नुसते हाताने. मग सायलेन्सर बेंडवर चढवून क्लॅम्प सैल ठेवायचा. मग मागचा माउंटिंग बोल्ट, तोही सैल. सगळं आपापल्या जागी आलं की हेडपासून आवळत मागे यायचं, आणि हेडचे दोन नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा आटा. मागचा बोल्ट आधी आवळला तर सायलेन्सर बेंडला ओढून धरतो. नवं पॅकिंग तिरकं बसतं आणि महिनाभरात तोच आवाज परत येतो.

[दृश्य: टाकीखाली टॉर्च. रबरी नळीवरची बारीक भेग, वाकवल्यावर उघडणारी.]

हवा शिरण्याची दुसरी जागा कंपनीनेच दिलेली आहे. प्रदूषण कमी व्हावं म्हणून बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरकडून एक नळी थेट एग्झॉस्ट पोर्टला जाते. तिच्यातून ताजी हवा सोडतात, म्हणजे उरलेलं पेट्रोल तिथेच जळतं. रेस सोडल्यावर हीच हवा फटाके फोडेल, म्हणून बऱ्याच रचनांत इनटेककडून येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी त्या वेळी व्हॉल्व्ह बंद करते. ती बारीक नळी चिरली किंवा निसटली, की व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

तपासायला जाड नळी चिमट्याने दाबून एक फेरी मारायची. फटाके थांबले तर दोष तिथेच. मग व्हॅक्यूमची नळी बदलायची, व्हॉल्व्हमध्ये फुंकून पाहायचं; हवा एकाच दिशेने जायला हवी. नळीत छर्रा घालून ती कायमची बंद करणं ही बाजारातली आवडती युक्ती. आवाज जातो, धुरातले विषारी वायू वाढतात.

[दृश्य: कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर. बोटाने वाकवल्यावर खालच्या बाजूला भेगा.]

तिसरी जागा इनटेकची. कार्ब्युरेटर आणि हेडमधलं रबर खालून तडकतं, आणि वरून ते ठणठणीत दिसतं. चालू गाडीवर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा तिथे मारायचा. इंजिनाचा आवाज चढला-उतरला, तर रबर गेलं. फवारा पेट घेतो, म्हणून हे काम इंजिन गरम व्हायच्या आत, सायलेन्सर तापलेला नसताना करायचं.

[दृश्य: फ्लोट चेंबर काचेच्या वाटीत रिकामा करताना. तळाशी पाण्याचा थेंब, पांढरट गाळ.]

आता कार्ब्युरेटर. रेस बंद असताना सगळी भिस्त पायलट जेटवर, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्यावर असते, आणि त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. गाडी दोन महिने उभी राहिली तरी ते अर्धं बुजतं.

त्यात पेट्रोल बदललं आहे. 2025 पासून देशभरातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. या मिश्रणाला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून घेतो. कार्ब्युरेटर ठरलेल्या भोकातून ठरलेलंच सोडतो, म्हणून काल नीट चाललेली गाडी आज थोडी लीन होते. शिवाय इथेनॉल पाणी धरतं आणि जुनी रबरं फुगवतं.

[दृश्य: पायलट जेट चिमट्यात, खिडकीच्या उजेडासमोर. आरपार दिसणारा गोल ठिपका.]

जेट उजेडासमोर धरा. ठिपका पूर्ण गोल दिसला पाहिजे. क्लीनरमध्ये भिजवायचं, हवेच्या दाबाने फुंकायचं. तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक एका ओरखड्यात मोठं होतं.

[दृश्य: मिक्श्चर स्क्रू, स्प्रिंग, वायसर आणि इवलंसं ओ-रिंग, पांढऱ्या कापडावर ओळीने.]

कार्ब्युरेटर उघडलाच आहे तर हे चार तुकडे मोजून घ्या. ओ-रिंग स्क्रूबरोबर येत नाही, भोकातच चिकटून राहतं. क्लीनरने ते उडून गेलं, तर तिथूनही हवा शिरते.

आणि आता तो स्क्रू. बिडाच्या इंजिनाच्या जुन्या बुलेटवर व्हीएम 24 कार्ब्युरेटर असतो. त्याचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला, तो हवा मोजतो: आत फिरवला की पेट्रोल वाढतं. या क्लासिकच्या बीएस 29 कार्ब्युरेटरवर स्क्रू इंजिनाच्या बाजूला, तो मिश्रण मोजतो: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एका गाडीवरची सवय दुसरीवर चालवली, की फटाके दुप्पट.

[दृश्य: डिसमिस स्क्रूवर, जवळून. मागे इंजिनाची धडधड. या दृश्यावर कट नको.]

आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून पूर्ण तापवायची. इंजिन बंद करून स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यायचा, आटे मोजत, आणि आकडा लिहून ठेवायचा. जोर लावला तर सुईचं टोक आतच मोडतं. मग दोन आटे बाहेर, आणि गाडी चालू. तिथून पाव-पाव आटा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून. इंजिन ऐकायला वेळ घेतं, आपणही घ्यावा. आवाज सर्वात वर आणि एकसारखा होतो ती जागा सापडली, की आयडल स्क्रूने वेग परत पुस्तकातल्या आकड्यावर आणायचा. मग आठवा भाग आटा रिचकडे, म्हणजे पेट्रोल वाढेल त्या बाजूला, आणि रस्त्यावर.

तीन आट्यांपलीकडे जावं लागलं, तर जेट अजून बुजलेला आहे किंवा लहान पडतो आहे. मिकुनी पद्धतीचे पायलट जेट अडीचच्या टप्प्याने येतात: 22.5, 25, 27.5. एकच टप्पा वर जायचं. एका आट्याच्या आतच गाडी सुधारली, तर जेट मोठा आहे. रिच गाडीही फटाके फोडते, हे विसरलं जातं. एअर फिल्टर चोंदलेला किंवा चोक अर्धा अडकलेला असेल, तर स्क्रूला हात लावायच्या आधी ते पाहावं.

[दृश्य: तीन प्लग. पांढराफटक, फिकट तपकिरी, काळा.]

पांढरा लीन, काळा रिच, मधला हवा तो. फटाक्यासोबत गाडीला झटकाही बसत असेल, तर प्लगची टोपी आणि वायर बदलून पाहावी.

[दृश्य: रोडरोलरखाली चिरडले जाणारे सायलेन्सर.]

मोकळ्या सायलेन्सरने हाच आवाज नुसता मोठा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 (2) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिने लायसन्स रद्द.

[दृश्य: पुन्हा घाट. तीच वळणं, तीच गाडी. रेस सुटते.]

तिसरा गिअर, ताशी 50, रेस पूर्ण बंद.

[निवेदन थांबवा. इंजिनाचा आवाज, बारा सेकंद.]

गाडी वाईत पोचून थंड झाली, की बेंडचे दोन्ही नट एकदा परत आवळून घ्यायचे. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात थोडं बसतं.