परंतुकाचा थरार

[दृश्य: नाट्यगृहाची विंग. नेपथ्य उभं राहतंय. हातोडीचा मूळ आवाज तसाच ठेवावा.]

फोंडा. राजीव गांधी कला मंदिर. प्रयोगाला अजून दोन तास आहेत.

खिळे ठोकणारे हे हात दिवसभर कचेरीत फायली चाळतात आणि संध्याकाळी इथे येतात. कोपऱ्यात पुटपुटणाऱ्या त्या मुलाचं पाठांतर कच्चं आहे. दिग्दर्शकाला ते ठाऊक आहे, आणि दिग्दर्शकाला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे.

गोव्यात मराठी नाटक असंच उभं राहतं. जत्रेला देवळासमोर, चवथीला वाड्यावर, आणि कला अकादमीची स्पर्धा लागली की अशा मोठ्या रंगमंचावर. मानधनाचं विचारू नका. चहा मिळतो.

[दृश्य: प्रकाशयोजनेची चाचणी. रिकाम्या खुर्चीवर स्पॉट येऊन थांबतो. टेबलावर कागद.]

एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर कागद. एवढ्या सामानावर पाऊण तास माणसं जागेवर धरून ठेवायची. युद्ध दाखवायला पैसे नसतात, मग युद्धाचा हुकूम निघतो ती खोली दाखवायची. दार वाजतं, कुणीतरी आत येतं, कागद वाचतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून बाहेर काय घडलं ते आपल्याला कळतं. एकांकिका करणाऱ्यांच्या हे हाडीमाशी खिळलेलं असतं.

या मातीतून वर आलेला एक दिग्दर्शक हिंदीत गेला आणि त्याने एक राजकीय ॲक्शन थ्रिलर केला. गोळीबार आहे, धावाधाव आहे, काश्मीर आहे. पण त्या सिनेमाचा खरा नायक एक परंतुक आहे. कायद्याच्या कलमाला जोडलेली, "परंतु"ने सुरू होणारी ओळ.

[दृश्य: मल्टिप्लेक्सबाहेरची रांग. पोस्टर. शीर्षक पडद्यावर येतं.]

23 फेब्रुवारी 2024, शुक्रवार. सिनेमाचं नाव 'आर्टिकल 370', दिग्दर्शक गोव्याचे आदित्य सुहास जांभळे. त्या दिवशी देशभर कित्येक पडद्यांवर तिकीट 99 रुपयांना होतं, ही रांग त्याचीच. निर्मात्यांमध्ये आदित्य धर, ज्यांनी 2019 मध्ये 'उरी' दिग्दर्शित केला होता. ते स्वतः काश्मिरी पंडित कुटुंबातले.

यामी गौतम झूनी हक्सर या गुप्तचर अधिकाऱ्याच्या भूमिकेत. प्रियामणी पंतप्रधान कार्यालयातल्या राजेश्वरी स्वामीनाथन. एकीच्या हातात पिस्तूल, दुसरीच्या हातात फाइल. गृहमंत्री झालेत आपले किरण करमरकर. नागपूरचे वैभव तत्ववादी निमलष्करी दलाच्या गणवेशात. आणि पंतप्रधानांच्या भूमिकेत अरुण गोविल, म्हणजे ज्यांना एका पिढीने राम म्हणून हात जोडले ते. पडद्यावरून उतरून चार महिन्यांत ते खरोखरच लोकसभेत पोचले, मेरठमधून. सुरुवातीचं निवेदन अजय देवगण यांचं आहे. आमचं बजेट तुम्हाला ऐकू येतंच आहे.

[दृश्य: स्वयंपाकघर. पातेल्यात चीक ओतला जातोय. जवळून.]

पण त्याआधी हे बघा.

गाय व्याल्यानंतरचं पहिलं दूध. दाट, पिवळसर. यात साधं दूध मिसळायचं, किती ते चिकाच्या दाटपणावर. गूळ किसून विरघळवायचा. वेलची, जायफळ. कुकरला शिटी न लावता वाफवायचं. झाकण काढलं की मध्ये सुरी खुपसून बघायची; सुरी कोरडी आली की झालं. आता वडी कापताना ती कशी थरथरते बघा. कॅमेरामनने इथे दोन मिनिटं शूट केलंय, आणि आम्ही ते कापलेलं नाही.

'खरवस' हा जांभळे यांचा मराठी लघुपट. मूल गमावलेल्या बाईची गोष्ट. 2018 मध्ये पणजीच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, भारतीय पॅनोरमाच्या नॉन-फीचर (लघुपट-माहितीपटांच्या) विभागाचा पडदा या लघुपटाने उघडला. त्याच्याही आधीच्या 'आबा ऐकताय ना?' या लघुपटासाठी त्यांना नॉन-फीचर विभागात दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. दिल्लीतल्या सत्तेच्या दालनांचा सिनेमा करणारा माणूस इथून गेला: स्वयंपाकघर, गोठा, एक बाई, न बोललेलं दुःख. हिंदी समीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी 'आर्टिकल 370'ला पहिला सिनेमा धरून मोजलं. आम्ही तसं धरत नाही.

[दृश्य: संविधानाची छापील प्रत. बोट ओळीवरून सरकतं.]

आता ते परंतुक.

17 ऑक्टोबर 1949. संविधान सभेत गोपालस्वामी अय्यंगार एक मसुदा मांडतात. तेव्हा त्याचा क्रमांक 306 अ. छापून आला तेव्हा तो 370 झाला. जम्मू आणि काश्मीरला भारताचं संविधान किती आणि कसं लागू व्हायचं, ते या कलमाने ठरायचं. मथळ्यातच म्हटलंय, तात्पुरती तरतूद.

हे बोट थांबलंय ते तिसऱ्या खंडावर. राष्ट्रपती अधिसूचना काढून हे कलम निष्प्रभ झाल्याचं जाहीर करू शकतात. इथवर सरळ आहे. मग खाली "परंतु" येतो. परंतु, त्याआधी राज्याच्या संविधान सभेची शिफारस आवश्यक राहील.

राज्याची संविधान सभा 1951 मध्ये बसली. तिने राज्याचं संविधान तयार केलं, ते 26 जानेवारी 1957 ला पूर्णपणे लागू झालं, आणि सभा विसर्जित झाली. जाताना तिने 370 काढा असंही सांगितलं नाही, ठेवा असंही नाही. म्हणजे कुलूप भिंतीवर तसंच राहिलं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ती माणसं घर सोडून गेली.

[दृश्य: ग्रंथालय. कपाटं, धूळ, जुनी बाडं. संगीत वाढतं.]

साठ वर्षं यावर वकिलांचा वाद. कुणी म्हणत, किल्लीच नाही तर कलम कायमचं झालं. कुणी म्हणत, मूळ मथळ्यात "तात्पुरती" लिहिलंय ते काय उगाच?

सिनेमा इथे रंगतो. राजेश्वरी आणि तिची माणसं जुने कागद धुंडाळतात, एकेका शब्दावर अडतात, पुन्हा मागे जातात. बाहेर काश्मीरच्या प्रसंगात बंदुका चालतात तेव्हा मी खुर्चीत मागे रेललो होतो. या खोलीत मात्र पुढे सरकलो. टेबल, खुर्ची, कागद. दिग्दर्शक कुठे शिकला असेल हे, ते तुम्ही सुरुवातीच्या दृश्यांत पाहिलंत.

[दृश्य: पाटीवर खडूने कलमांचे आकडे. बाण काढणारा हात.]

प्रत्यक्षात वाट अशी काढली गेली. जरा लक्ष द्या, हे पाटीवर मुद्दाम लिहून दाखवलंय.

संविधानात 367 नावाचं एक कलम आहे. संविधानातला कुठला शब्द कसा वाचायचा, एवढंच ते सांगतं. 5 ऑगस्ट 2019 ला राष्ट्रपतींनी संविधान आदेश 272 काढला. त्याने जम्मू-काश्मीरपुरता 367 मध्ये एक नवा खंड घातला: 370 च्या परंतुकात "संविधान सभा" लिहिलंय तिथे "विधानसभा" असं वाचावं.

बाण इकडे. पण विधानसभा तरी कुठे होती? जून 2018 मध्ये भाजपने मेहबूबा मुफ्ती यांच्या सरकारचा पाठिंबा काढला. नोव्हेंबरमध्ये मुफ्तींनी पुन्हा दावा करायला राजभवनाला फॅक्स केला, तो पोचला नाही. ईदची सुट्टी होती, फॅक्सजवळ कुणी नव्हतं, असं राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी सांगितलं. त्याच रात्री विधानसभा बरखास्त. हा प्रसंग एकांकिकेत लिहिला असता तर परीक्षकांनी "अतिरंजित" म्हणून गुण कापले असते.

डिसेंबरपासून राष्ट्रपती राजवट. राष्ट्रपती राजवटीत विधानसभेचे अधिकार संसदेकडे. म्हणजे शिफारस संसदेने करायची. आणि आदेशाला राज्य सरकारची सहमती हवी होती, ती राज्यपालांनी दिली. बाण फिरून दिल्लीलाच आला.

[दृश्य: राज्यसभेचं प्रक्षेपण, घरातल्या टीव्हीवर. समोर चहाचे कप.]

सोमवार, 5 ऑगस्ट. सकाळी अकराच्या सुमारास अमित शहा उभे राहतात. गोंधळ. आदल्या काही दिवसांत अमरनाथ यात्रेकरूंना परत फिरायला सांगितलेलं, जादा तुकड्या उतरवलेल्या, रात्रीत नेते नजरकैदेत. सगळा देश तर्क लढवत होता आणि कुणाचाच पूर्ण बरोबर आला नाही. संध्याकाळी पुनर्रचनेचं विधेयक राज्यसभेत 125 विरुद्ध 61 ने मंजूर. लडाख वेगळं, दोन केंद्रशासित प्रदेश. दुसऱ्या दिवशी लोकसभा. मग संविधान आदेश 273, आणि 370 संपलं.

गुप्तता कशी राखली, कुणाला काय आणि कधी सांगितलं, कुठल्या दालनात दिवे रात्रभर जळत होते, सिनेमाचा जीव यात आहे. अडीच तासांहून मोठा सिनेमा, प्रकरणं पाडलेली, आणि शेवट सगळ्या देशाला माहीत. तरी माणसं उठत नाहीत. याला कसब म्हणतात. काश्मिरी नेत्यांची पात्रं मात्र एकेका छटेत उरकली आहेत. विंगेतून येऊन हशा घेऊन जाणारी. राजेश्वरीला जेवढी वाक्यं मिळाली त्यातली चार त्यांना मिळाली असती तर खोलीतला वाद आणखी तापला असता.

[दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं. वेगाने.]

ते दिवस. दूरध्वनी बंद, मोबाइल बंद, इंटरनेट बंद. पोस्टपेड मोबाइल ऑक्टोबरच्या मध्यात सुरू झाले, 4 जी इंटरनेट 2021 च्या फेब्रुवारीत.

9 ऑगस्ट 2019, म्हणजे चारच दिवसांनी, 66 वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट लघुकथापट: 'खरवस'. त्याच यादीत 'हमीद'मधल्या काश्मिरी मुलाला सर्वोत्कृष्ट बालकलाकार. गोव्यात फोन वाजत राहिले. त्या मुलाच्या घरी 'हमीद'च्या दिग्दर्शकाचा फोन लागला नाही.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाची इमारत, बाहेरून.]

प्रकरण न्यायालयात गेलं. 11 डिसेंबर 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. पीठावर अमरावतीचे भूषण गवईही होते. कलम रद्द करणं वैध ठरलं. पण तुम्ही पाटीवर पाहिलात तो 367 चा बाण न्यायालयाने पुसला. शब्द कसा वाचायचा ते सांगणारं कलम वापरून दुसऱ्या कलमात बदल करता येत नाही, असं म्हणून. संविधान सभा विसर्जित झाली तरी राष्ट्रपतींचा अधिकार शिल्लक होता आणि तो त्यांना शिफारशीविनाही वापरता येत होता, असा न्यायालयाचा अर्थ. म्हणजे ज्या किल्लीसाठी एवढी शोधाशोध झाली तिच्याविना दार उघडत होतं. थ्रिलर लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला पेच कुठला मिळणार? निकालानंतर अडीच महिन्यांत सिनेमा थिएटरात आला.

न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी वेगळ्या निकालपत्रात काश्मीरसाठी सत्य आणि सलोखा आयोग नेमण्याची शिफारस केली. राज्याचा दर्जा लवकरात लवकर परत द्यावा, असंही न्यायालयाने म्हटलं. 2024 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, ओमर अब्दुल्ला मुख्यमंत्री झाले, तेव्हा तो मिळालेला नव्हता.

[दृश्य: पुन्हा मल्टिप्लेक्स. खेळ सुटल्यावर बाहेर पडणारी माणसं.]

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी जम्मूच्या सभेत पंतप्रधानांनी या सिनेमाचा उल्लेख केला. 370 वर सिनेमा येतोय असं ऐकलंय, लोकांना नीट माहिती मिळेल, अशा अर्थाचं ते बोलले. निवडणूक दोन महिन्यांवर. प्रचारपट म्हणून टीका झाली, टाळ्याही झाल्या. या दोन्ही बाजूंचे व्हिडिओ तुम्हाला ढिगाने सापडतील.

[दृश्य: संकलनाचं टेबल. पडद्यावर रिकामी टाइमलाइन.]

जांभळे यांचा त्यानंतरचा सिनेमा 'बारामुल्ला' नोव्हेंबर 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. पुन्हा काश्मीर, या वेळी भयकथेच्या अंगाने.

आणि आमचं एक मागणं. इफ्फीचे दिवस सरले की लघुपट मोठ्या पडद्यावर बघायचा कुठे? कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेला पोरं सकाळपासून येऊन बसतात, प्रयोग संध्याकाळी असतो. त्या मधल्या वेळात 'आबा ऐकताय ना?' आणि 'खरवस' लावा. पडदा आहे, प्रोजेक्टर आहे, प्रेक्षक आयता बसलेला आहे.