महालक्ष्मी एक्स्प्रेस: गाडी पाण्यात, बातमी फोनवर

[हेलिकॉप्टरमधून घेतलेला शॉट]

ही जी मधोमध लांब रेघ दिसतेय ना, ती महालक्ष्मी एक्स्प्रेस. आजूबाजूला जे गढूळ पाणी पसरलंय ते उल्हास नदीचं, रात्रीत नदी पात्र सोडून बाहेर आली आणि बदलापूर आणि वांगणीच्या मधे रूळ दिसेनासेच झाले. 27 जुलै 2019, शनिवार. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली गाडी पहाटे तीनच्या सुमाराला इथे अडकली. आत हजाराच्या वर माणसं.

आणि गाडी सुटली होती कधी, तर 26 जुलैच्या रात्री. मुंबईकरांना ही तारीख समजावून सांगायला नको. 2005 मधे याच दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, फोन लागेनात, ट्विटर तर तेव्हा सुरूच झालं नव्हतं, आपलं माणूस कुठे अडकलंय ते घरी कळायला कित्येकांना दुसरा दिवस उजाडला.

[प्रवाशांचे मोबाईल व्हिडिओ, आवाज चालू ठेवा]

या वेळी मात्र उजाडलं आणि डब्यातूनच व्हिडिओ यायला लागले. दारातून खाली बघितलं की पाणी, समोरच्या खिडकीतून बघितलं तरी पाणी. व्हॉट्सअॅपवर घरच्यांना, घरच्यांकडून गावच्या ग्रुपवर, तिथून कुणीतरी रेल्वेला टॅग करून ट्विटरवर टाकणार आणि पुढच्या काही मिनिटांत तेच टीव्हीवर. प्यायला पाणी नाही, पोरांना खायला काही नाही, अजून कुणी आलं नाही, असं लोक कॅमेऱ्यात बघून बोलतायत. म्हणजे रेल्वेने तोंड उघडायच्या आधीच सगळ्या महाराष्ट्राला गाडी आतून दिसलेली होती. अशा वेळी रेल्वेच्या पीआरवाल्याने, म्हणजे रेल्वेतर्फे लोकांशी बोलणाऱ्या माणसाने, काय करायचं? लपवण्यासारखं तर काहीच उरलेलं नसतं.

[मध्य रेल्वेचं ट्वीट, पूर्ण स्क्रीन, वाचायला वेळ द्या]

हे बघा त्यांनी काय केलं. मध्य रेल्वेने प्रवाशांना सांगितलं, गाडीतून उतरू नका, गाडी सुरक्षित आहे, स्टाफ, आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) आणि पोलीस तुमच्याबरोबर गाडीतच आहेत, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) सांगेल तोपर्यंत थांबा. एवढंच. "परिस्थिती नियंत्रणात आहे" हे वाक्य यात नाही, जे आपल्याकडे महापुरातल्या प्रेसनोटमधे पण कोरडं ठणठणीत सापडतं. आत्ता काय करायचं, सोबत कोण आहे आणि यापुढे कुणाचं ऐकायचं, बास. आणि हे सांगणं खरंच गरजेचं होतं, कारण इतका वेळ अडकल्यावर उतरून रुळांवरून चालत सुटू असं कुणाच्याही डोक्यात येणार, आणि रूळ पाण्याखाली असताना खालची खडी कुठे शिल्लक आहे आणि कुठे वाहून गेलीय ते वरून अजिबात कळत नाही.

आता खरं बोलायचं तर ते ट्वीट डब्यातल्या किती जणांनी वाचलं असेल? रात्रभर अडकलेल्या माणसाच्या फोनला चार्जिंग किती उरणार, आणि आजीबाई कुठे ट्विटरवर असतात. ते खरं पोचलं घरच्यांपर्यंत आणि चॅनेलवाल्यांपर्यंत. आत तेच सांगणं पोचलं ते माणसांच्या तोंडून, आरपीएफ आणि पोलीस गाडीपर्यंत पोचले, त्यांनी बिस्किटं आणि पाणी वाटलं. पण बाहेर फोनवर जे वाचलं तेच आत खाकीतला माणूस सांगतोय, हे जुळलं म्हणून लोकांनी ऐकलं असं आम्हाला वाटतं.

एका गोष्टीत मात्र घोळ झाला, आकड्यात. सकाळी कुणी 700 म्हणे, कुणी 2000, जो तो चॅनेल आपापला आकडा चालवत होता, आणि ज्याचं माणूस आत आहे त्याचा जीव अशा आकड्यांनी अजून टांगणीला लागतो. शेवटी 1050 च्या आसपास प्रवासी सुखरूप बाहेर काढले असं जाहीर झालं.

[रबरी बोटी, एनडीआरएफचे जवान]

आणि हे ते फुटेज जे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं असेल. एनडीआरएफच्या बोटी डब्याला लागतायत, बरोबर नौदलाची पथकं, वर हवाई दलाचं हेलिकॉप्टर, आणि आसपासच्या गावातले लोक, ज्यांना कुणी टॅग केलं नव्हतं. सुटका झालेल्यांत नऊ गर्भवती होत्या, म्हणून डॉक्टरांच्या टीममधे स्त्रीरोगतज्ज्ञसुद्धा ठेवले होते. इथे आम्ही काही बोलत नाही, बघा.

[निवेदन थांबवा, फक्त पाण्याचा आणि बोटीच्या इंजिनचा आवाज]

दुपारी गाडी रिकामी झाली. कल्याणहून 19 डब्यांची स्पेशल गाडी कोल्हापूरला सोडली. एवढ्या पावसात मूळची गाडी बदलापूरच्या पुढे जाऊच का दिली, हा प्रश्न राहतोच, पण त्याचं उत्तर देणारं फुटेज आमच्याकडे नाही.