बर्लिन सोडताना

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशातल्या एखाद्या शहरात बरीच वर्षं काढून निघायची वेळ आली, की लोक यादी करायला बसतात. शेवटचं एकदा हे बघू, शेवटचं एकदा तिथे जाऊन येऊ. मला ही यादी अजिबात पटत नाही. ब्रांडेनबुर्ग गेटला आपण आल्याचं काही नव्हतं आणि जाण्याचंही काही नाही. निरोप घ्यायचा तो जिन्याचा, तळघराचा, शेजाऱ्यांचा. मी बर्लिनबद्दल बोलतोय, कारण मी सोडलं ते शहर बर्लिन.

तिथे भाड्याचं घर सोडायचं तर तीन महिने आधी कळवावं लागतं. कागदावर, खाली हाताने सही करून. ईमेल चालत नाही. आणि ते पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाकडे पोचलं पाहिजे, नाहीतर एक महिना वाढला. पुन्हा सांगतो, लक्षात ठेवा: तीन महिने, कागदावर, सहीनिशी. त्यामुळे होतं काय, की ते तीन महिने तुम्ही त्या शहरात असताही आणि नसताही. हिवाळ्याचे बूट झिजलेत, नवे घ्यायचे की याच्यावरच ढकलायचं, असले प्रश्न पडतात.

यादी करत नाही म्हणालो, पण एक गोष्ट केली. रिंगबानने एक पूर्ण चक्कर मारली. शहराभोवती ही गाडी गोल फिरते, सदतीस किलोमीटर, तासाभरात. एस-४१ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, एस-४२ उलट. मी हेरमानस्ट्रासला बसलो. वेस्टक्रॉइत्स, वेडिंग, ओस्टक्रॉइत्स करत तासाभराने पुन्हा हेरमानस्ट्रासलाच उतरलो. माझं मत विचाराल तर प्रत्येक मोठ्या शहराला अशी एक गोल फिरणारी गाडी असावी. कुठेही जायचं नसताना बसता येईल अशी.

आणि मतांचंच निघालं म्हणून सांगतो. जर्मनीत रेडिओ-टीव्हीसाठी प्रत्येक घराला वर्गणी भरावी लागते. मी होतो तेव्हा महिन्याला १८ युरो ३६ सेंट. तुम्ही ऐका, नका ऐकू, घरात रेडिओ असो नसो. लोक कुरकुरतात. मी रेडिओवाला, मला ती कल्पना फार आवडली. असो. सोडताना तीही वेगळी बंद करावी लागते, बरं का.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वयस्क गृहस्थ राहायचे. आमचा संबंध म्हणजे चिठ्ठ्यांचा. सायकल जिन्याखाली ठेवली, की चिठ्ठी. रविवारी काचेच्या बाटल्या टाकल्या, की चिठ्ठी. रविवारी तिथे शांतता पाळायची असते आणि बाटलीचा खळ्ळकन आवाज चार मजले ऐकू येतो, तेव्हा त्यांचंही चूक नव्हतं. पण इतक्या वर्षांत समोरासमोर बोलणं काय ते 'गुटेन टाग' एवढंच.

बर्लिनमध्ये लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात भरतात, वर 'फुकट न्या' अशा अर्थाची पाटी लावतात आणि खोकं फुटपाथवर ठेवून देतात. नियमात ते बसत नाही, पण सगळे करतात. मीही केलं. कपबशा, टेबलावरचा दिवा, इस्त्री, पुस्तकांचं एक छोटं कपाट. अर्ध्या तासाने खाली गेलो तर खोकं जागेवर नाही. ते दाराच्या आत, बोळात आलेलं. आणि शेजारी खुर्ची टाकून हे गृहस्थ बसलेले. म्हणाले, "फुटपाथवर दंड होतो. इथे ठेवा. मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं म्हणजे काय! येईल त्याची मुलाखत. इस्त्री कशाला हवी? घरात एक आहे ना? मग दुसरी कशाला? दिव्याला त्यांनी स्वतःच्या घरातला बल्ब लावून पाहिला आणि कागद चिकटवला: 'चालतो.' एक मुलगा सहाच्या सहा कप उचलायला लागला, तर त्याला विचारलं, घरात माणसं किती? दोन. मग दोन न्या. मुलगा खरोखर दोनच घेऊन गेला.

मी वर. घराचा ताबा द्यायचा दिवस तोच. घरमालकाने पाठवलेला एक तरुण हातात टॉर्च आणि यादी घेऊन आलेला. भिंती पांढऱ्या करून दिल्या होत्या, त्यावर तो काही बोलला नाही. पण न्हाणीघरात टाइल्सना चार भोकं होती. सांध्यांत नाही, थेट टाइलमध्ये. तो म्हणाला, टाइल्स बदलाव्या लागतील, खर्च अनामत रकमेतून जाईल. मी म्हणालो, मी आलो तेव्हाही ही होती. त्याने विचारलं, कागदावर कुठे आहे? कागदावर नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे गृहस्थ, धापा टाकत. खाली एका मुलीला कपाट हवं होतं, पण फळीच्या खुंट्या कुठे आहेत? खुंट्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. त्या घेताना त्यांनी आमचं बोलणं ऐकलं, सरळ न्हाणीघरात गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही भोकं? बर्लिनची भिंत पडली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. इथे एक विद्यार्थिनी राहायची, तिने आरसा लावला होता. शिडी माझी होती. मीच धरली होती."

त्या तरुणाचा तेव्हा जन्मही झाला नसावा. तो म्हणाला, हे लेखी द्याल का?

चिठ्ठ्या लिहिण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नाही अशा माणसाला त्याने हे विचारलं, श्रोतेहो! त्यांनी खिशातून पेन काढलं. तारीख, मजला, चार भोकं, आरशाची रुंदी, सही. तरुणाने तो कागद ताब्याच्या कागदांना जोडला. गृहस्थ खुंट्या घेऊन खाली गेले. मी मागोमाग आभार मानायला गेलो, तर विचारतात, "नवीन भाडेकरूकडे सायकल आहे का?"

राहिलं कागदपत्रांचं. नगरकचेरीत नाव कमी करायचं, त्याला आबमेल्डुंग म्हणतात. घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी आणि घर सोडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. एक आठवडा आधी, दोन आठवडे नंतर. त्याचा दाखला जपून ठेवा, फोनवाल्यांपासून विमावाल्यांपर्यंत सगळे तो मागतात.

आणि अनामत रक्कम. ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. पण किल्ल्या दिल्या आणि पैसे हातात आले, असं होत नाही. हीटिंग आणि पाण्याचा हिशोब व्हायचा असतो, त्यासाठी घरमालक थोडा भाग काही महिने ठेवून घेतो. माझेही टप्प्याटप्प्यानेच आले. टाइल्सचे पैसे मात्र कापले नव्हते. तेव्हा तिथलं बँकेचं खातं निघायच्या आधी बंद करू नका. सगळे पैसे जमा होईपर्यंत राहू द्या.

नमस्कार.