मेटासेक्वोयाचं घर नेमकं कुठलं?

मित्रहो, आज मी मेटासेक्वोया या एकाच झाडाबद्दल बोलणार आहे. चीनमध्ये याला ‘शुईशान’, म्हणजे पाण्यातला फर वृक्ष म्हणतात. १९४१ साली शिगेरू मिकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने मेटासेक्वोया हे नाव दिलं, ते केवळ जीवाश्मांवरून. त्याच दशकात चीनच्या हुबेई प्रांतातल्या मोदाओशी गावी याच वंशाचं एक अजस्र झाड जिवंत उभं असल्याचं ध्यानात आलं. १९४८ मध्ये हू श्यानसू आणि चंग वानच्युन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं.

नैसर्गिकरीत्या उगवलेली ही झाडं आज काही हजारच उरली आहेत. तीही उत्तरेकडच्या ३० अक्षांशाच्या आसपास, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० ते १५०० मीटर उंचीवरच्या मोजक्या दऱ्यांमध्ये. एवढं ऐकलं की आपण लगेच म्हणतो, या झाडाला एवढीच उंची आणि एवढाच अक्षांश मानवतो. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. तो का, हेच आज सांगायचं आहे.

आधी उंची आणि अक्षांश वेगळे करू. डोंगर चढताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जातानाही ते उतरतं. म्हणून डोंगर चढणं म्हणजे उत्तरेला सरकणंच, असं पुष्कळदा शिकवलं जातं. थंडीपुरतं ते खरं आहे. पण दिवसाची लांबी उंचीने बदलत नाही. ३० अक्षांशावर जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सुमारे १४ तासांचा, मग तुम्ही दरीत असा की शिखरावर. ६० अक्षांशावर तोच दिवस जवळजवळ १९ तासांचा होतो. आणि झाड ऋतू ओळखतं ते बऱ्याच अंशी दिवसाच्या लांबीवरून. बर्च आणि पॉप्लर यांच्यावर हे उत्तम तपासलेलं आहे. उत्तरेच्या बियांची रोपं दक्षिणेला नेऊन लावली, तर दिवस पुरेसा मोठा न मिळाल्याने ती हवा उबदार असतानाच कळ्या मिटून वाढ थांबवतात. दक्षिणेची रोपं उत्तरेला नेली तर ती वाढतच राहतात, आणि पहिल्या हिमात त्यांचे कोवळे शेंडे करपतात.

आता उंचीकडे वळू. वर गेलं की झाडं खुजी होतात. अन्न कमी तयार होत असेल, असं आपल्याला वाटतं. पण वृक्षरेषेजवळच्या, म्हणजे ज्या उंचीनंतर झाडं उगवतच नाहीत त्या सीमेजवळच्या, झाडांत साखर आणि स्टार्च तपासले तर साठा चांगला भरलेला सापडतो. अडतं ते पुढे. पान शून्याच्या जवळपासही थोडंफार अन्न बनवू शकतं, पण नव्या पेशी घडवण्याचं काम सुमारे पाच अंशांखाली जवळजवळ थांबतं. कोठार भरलेलं आणि बांधकाम बंद, अशी ती अवस्था असते. म्हणून जगभरात वृक्षरेषा साधारण तिथेच सापडते, जिथे वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान सहा-साडेसहा अंश असतं.

पोषणाच्या बाबतीत तर फसगत आणखी सोपी आहे. थंड मातीत पालापाचोळा हळू कुजतो, त्यामुळे नत्र (नायट्रोजन) सावकाश मोकळं होतं. स्फुरद (फॉस्फरस) येतं खडक झिजून, म्हणून उष्ण प्रदेशातल्या फार जुन्या, पावसाने धुतलेल्या मातीत त्याची चणचण असते. जगभरची पानं तपासली तर विषुववृत्ताकडून थंड प्रदेशाकडे जाताना पानातलं नत्र आणि स्फुरद सर्वसाधारणपणे वाढतं, पण स्फुरद अधिक वेगाने वाढतं. मग थंडीतलं झाड जास्त सुपोषित आहे का? तसं म्हणता येणार नाही. पानात नत्राचं प्रमाण जास्त दिसलं, तर त्याचे दोन अर्थ निघतात. मातीने भरपूर दिलं, किंवा झाड वाढलंच नाही, त्यामुळे आहे तेवढंच थोड्या पानांत एकवटलं. नुसत्या टक्केवारीवरून हे ठरत नाही. पानाची जाडी, त्याचं वजन, त्या वर्षी फांदी किती लांबली, हे सगळं सोबत मोजावं लागतं. ज्या अहवालात फक्त टक्केवारी असते, तो मी बाजूला ठेवतो.

आणि आता ज्या गोष्टीने मी या झाडाकडे ओढला गेलो ती. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, जवळजवळ ८० अक्षांशावर, ॲक्सेल हायबर्ग नावाचं बेट आहे. तिथे सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचं मेटासेक्वोयाचं जंगल गाडलेलं सापडलं. बुंधे जागच्या जागी आहेत, आणि त्यांचं लाकूड दगड न होता लाकूडच राहिलेलं आहे! तेव्हा तिथली हवा उबदार होती, पण सूर्याचं वेळापत्रक ध्रुवीयच होतं: सुमारे चार महिने सूर्य मावळत नाही, सुमारे चार महिने उगवत नाही.

सूचिपर्णी असूनही हे झाड हिवाळ्यात पानं, तीही बारीक डहाळ्यांसकट, गाळतं. अंधारात पानं सांभाळण्याचा खर्च वाचावा म्हणून, असं स्पष्टीकरण बराच काळ दिलं गेलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ध्रुवीय प्रकाशात वाढवलेल्या झाडांचा हिशेब केला, तर उलटंच निघालं. दरवर्षी पानं टाकून देण्यात जाणारं कार्बन, सदाहरित झाड हिवाळाभर श्वसनात घालवतं त्यापेक्षा जास्त होतं. गळण्याआधी झाड पानातलं साधारण निम्मं नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतं, पण कार्बन बहुतांशी जमिनीवर जातं.

म्हणजे आज ३० अक्षांशावरच्या दरीत अडकलेल्या या झाडाचे पूर्वज ध्रुवाजवळ वाढत होते. १९४८ पासून अमेरिकेतल्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाने त्याचं बी देशोदेशी पाठवलं, आणि ते वेगवेगळ्या अक्षांशांवर, अगदी समुद्रकाठीही उत्तम वाढलं. ती दरी त्याचा शेवटचा आसरा आहे. त्याची पसंती तिच्यावरून मोजता येणार नाही.

मात्र लावलेली झाडं भरपूर आहेत म्हणून दरीतल्या झाडांची काळजी सोडून चालणार नाही. एकट्यादुकट्या लावलेल्या झाडाचं बी स्वतःच्याच परागातून धरतं आणि बहुतेक फोल निघतं. मूळ दऱ्यांत शेतीसाठी झाडांखालची जमीन साफ होते, तिथे नवं रोप क्वचितच टिकतं. म्हणून माझा आग्रह आहे की दरीच्या तळाच्या आणि वरच्या उतारावरच्या झाडांचं बी वेगवेगळं गोळा करावं, प्रत्येक पिशवीवर उंची लिहावी, आणि ती रोपं एकाच मातीत शेजारी शेजारी वाढवावीत. वरच्या झाडांचा खुजेपणा तिथेही टिकला तर तो बियातला आहे, नाहीसा झाला तर तो थंडीचा होता.