ओला कचरा मोजायचा कुठे?

मित्रहो, ओला कचरा वेगळा देणारी घरे वाढली, गच्चीवर खत करणारी कुटुंबे वाढली, असे अलीकडे सगळीकडे ऐकू येते. ती वाढ किती, असे विचारले की पुढे केला जातो तो वजनकाट्याचा आकडा, म्हणजे आपल्या नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोला पोचलेले टन. माझे आजचे म्हणणे असे की हा आकडा त्या वाढीबद्दल फार थोडे सांगतो आणि कधी कधी नेमके उलटे सांगतो.

समजा, धरमपेठेतल्या एका गल्लीने भाजीची देठे आणि फळांच्या साली घरच्याच ड्रममध्ये कुजवायला सुरुवात केली, तर काट्यावर त्या गल्लीचा ओला कचरा घटेल. त्याच महिन्यात मानेवाड्यातल्या एका वस्तीने आजवर एकाच डब्यात टाकलेला कचरा प्रथमच वेगळा दिला, तर तिथला ओला कचरा वाढलेला दिसेल. दोन्ही ठिकाणी सुधारणाच झाली. पण बेरजेत एकीने दुसरीला खाऊन टाकले आणि कागदावर काहीच घडले नाही. त्यात पाण्याची भर आहे. उरलेल्या अन्नात आणि सालींत सत्तर-ऐंशी टक्के पाणी असते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की सकाळी बाहेर ठेवलेली साल दुपारपर्यंत निम्मी वाळते आणि श्रावणात तीच साल भिजून जड होते. शिवाय आपल्या शहराचा कचरा फळांच्या हंगामाप्रमाणे बदलतो. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची, आणि पुढे टरबूज, आंबा. त्यामुळे एप्रिलची तुलना डिसेंबरशी करून वाढ किंवा घट सांगणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही. तुलना करायचीच असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

मग कचऱ्यात नेमके काय आहे हे कसे कळते? ते नमुना पसरून, हाताने निवडून कळते. 2004-05 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपल्याच शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून 59 शहरांच्या कचऱ्याचा अभ्यास करून घेतला. त्यात नागपूरचा कचरा दिवसाला सुमारे 500 टन आणि त्यातला कुजणारा भाग सुमारे 47 टक्के आढळला होता. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे गुणोत्तर 26 च्या आसपास होते, आणि खत होण्यासाठी 25 ते 30 हे गुणोत्तर उत्तम मानतात. याचा अर्थ, कचऱ्याच्या प्रकृतीत दोष नव्हता. त्याला बिघडवतात ते त्यात मिसळलेले काचेचे तुकडे, सेल, पिशव्या आणि डायपर. शहर तेव्हापासून पुष्कळ वाढले आहे, म्हणून ते आकडे आजचे म्हणून वापरू नयेत. पद्धत मात्र आजही तीच वापरावी.

मोजणी सुधारली की आकडा फुगतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2021 च्या अहवालात जगात वाया जाणारे अन्न वर्षाला 93 कोटी टन सांगितले आणि 2024 च्या अहवालात 105 कोटी टन. वाचणाऱ्याला वाटते, जग अधिक उधळे झाले. दोन अहवालांच्या मधल्या काळात पुष्कळ अधिक ठिकाणची मोजमापे उपलब्ध झाली, ही गोष्ट बातमीच्या मथळ्यात मावत नाही. दुसरा घोटाळा ‘सेवा उपलब्ध असलेली घरे’ या मोजणीचा. दारावरून गाडी जाते म्हणून त्या घराने ओला कचरा वेगळा दिला असे होत नाही. दक्षिण कोरियाने 2005 मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी घातली आणि 2013 पासून जितका टाकाल तितके पैसे ही पद्धत देशभर आणली. तिथल्या अनेक वसाहतींत कार्ड लावल्यावरच उघडणारी पेटी टाकलेल्या कचऱ्याचे वजन घराच्या खात्यावर नोंदवते. तिथे मोजणी दाराशीच होते, म्हणून कोण टाकतो आणि किती टाकतो, हे दोन्ही कळते.

आपल्याकडे अशा पेट्या लगेच येणार नाहीत, आणि त्यांची वाट पाहण्याचे कारणही नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी घरावरच टाकली आणि दिवसाला 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक ठरवले. घंटागाडीवरच्या माणसाला शंभर दारांपैकी कितींनी वेगळा डबा दिला हे बोटांवर सांगता येते. त्याला विचारून लिहून घेतले जात नाही, एवढेच. गाडीतले दोन कप्पे पुढे एकत्र होतात ही तक्रार प्रत्येक सभेत निघते आणि ती सरसकट खोटी नसते. म्हणून दारावरच्या नोंदीबरोबर उतरवण्याच्या जागीही नमुना घ्यावा. दहाही झोनमधून वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात, एकेका गाडीतला शंभरेक किलो ओला कचरा ताडपत्रीवर पसरून त्यात परके काय आणि किती निघाले ते तोलावे. घरी खत करणाऱ्यांची नोंद प्रभागवार ठेवावी, आणि ती केवळ ड्रम वाटल्याची नसावी; सहा महिन्यांनी ड्रम चालू आहे की त्यात कोथिंबीर लावली आहे, तेही पाहावे.

शेवटची नोंद खताची. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी खतात, म्हणजे शहराच्या कचऱ्यापासून केलेल्या खतात, ओलावा 15 ते 25 टक्के असावा लागतो आणि जड धातूंना मर्यादा आहेत. मिसळलेल्या कचऱ्याचे खत या चाचणीत अडखळते, आणि काचेचा एक तुकडा पायात गेला की शेतकरी पुन्हा ते घेत नाही. केंद्राने 2016 मध्ये शहरी खताच्या विक्रीला टनामागे 1500 रुपये साहाय्य जाहीर केले, राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव दिले. तरी विकत घेणारा गोणी उघडून पाहतोच. त्यामुळे आपल्या प्रभागातली बैठक असेल तेव्हा किती टन कचरा उचलला हे विचारून थांबू नका. किती खत चाचणीत उतरले, किती विकले गेले आणि प्रक्रियेनंतर किती टाकाऊ उरले, हे तीन आकडे एकाच महिन्याचे मागा.