पाटी डोक्यावर, पाय वाळूत

(दृश्य: कोकणातलं हर्णै बंदर. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव.)

हर्णैचा लिलाव वाळूतच भरतो. होड्या आत पाण्यात उभ्या. मासळी बैलगाडीतून काठाला येते आणि तिथून पुढे बायकांच्या डोक्यावर चढते. आधी चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत बांगडे नाहीतर कोळंबी. पण आज मासळी राहू द्या, पाय बघा. टाच रुतते, रेटा देताना चवड्याखालची वाळू मागे सरते, घोटा कलंडतो. वर मान मात्र जागची हलत नाही.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

चाल मोजायचा नाद जुना आहे. १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी माणसाला नखशिखांत काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यासमोरून चालवलं. एकाच काचेवर चालण्याचे कितीतरी क्षण उमटले. त्यात माणूस दिसेना, दिसल्या नुसत्या रेषा.

(दृश्य: प्रयोगशाळा. पायांवर चकाकणारे ठिपके.)

आजच्या मोशन कॅप्चरची, म्हणजे कॅमेऱ्यांनी हालचाल टिपून मोजण्याची, युक्तीही तीच. खुबा, गुडघा, घोटा, टाच, जिथे हाड कातडीखाली लगेच हाताला लागतं, तिथे करवंदाएवढे चकाकणारे गोळे चिकटवतात. त्यांना मार्कर म्हणतात. भोवतालचे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि मार्करवरून परतलेला प्रकाश सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त वेळा टिपतात. निदान दोन कॅमेऱ्यांना तो दिसला की त्याची जागा कळते. जमिनीतली फोर्स प्लेट पाऊल किती जोराने आणि कुठल्या दिशेने रेटतं ते नोंदते. सपाटीवरच्या निरोगी चालीत प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. एक पाय दुखायला लागला की माणूस नकळत त्याच्यावर कमी वेळ टेकतो. डोळ्यांनी न दिसणारा हा फरक आलेखात दिसतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया ठरवताना असे आलेख डॉक्टरांच्या कामी येतात.

(दृश्य: पुन्हा हर्णै. उन्हात चमकणाऱ्या पाट्या.)

हे सगळं बंदरावर आणून बघा! उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे कॅमेरे गोंधळतात. बांगड्या चमकतात, अ‍ॅल्युमिनियमची पाटी चमकते, बांगड्याची पाठसुद्धा चमकते, आणि यंत्राला तो प्रत्येक चमका मार्कर वाटू शकतो. लुगड्याच्या काष्ट्याखाली खुब्याचं हाड कुठे शोधणार? म्हणूनच प्रयोगशाळेत सपाट फरशी असते आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे. आमच्या मते गडबड इथेच आहे. सगळ्यात अवघड चाल नेमकी दाराबाहेर राहते.

वाळूचं ओझं लहान नसतं. १९९८ साली बेल्जियमच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागली. डोक्यावरच्या ओझ्याची गोष्ट उलटी. १९८६मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांचा अभ्यास झाला. त्यांनी स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं नेलं, तरी त्यांची ऊर्जा वाढली नाही. टेकलेल्या पायावरून शरीर उलट्या लंबकासारखं पुढे झुकतं, आणि त्या झोक्यातली ऊर्जा त्या कमी वाया घालवत होत्या. पुढच्या अभ्यासांत मात्र ही किमया सगळ्याच बायकांत आढळली नाही. तेव्हा कोळणींना जन्मजात वरदान आहे वगैरे म्हणायची घाई नको.

(दृश्य: नडगीला पट्ट्याने बांधलेला छोटा सेन्सर.)

आता वाट थोडी मोकळी होतेय. मोबाइलमध्ये असतात तसले वेग-दिशेतला बदल टिपणारे सेन्सर नडगीला बांधले की कॅमेरा लागत नाही, ऊनही आड येत नाही. साध्या व्हिडिओवरून सांध्यांची जागा ओळखणारे प्रोग्रामही आलेत. अचूकता प्रयोगशाळेइतकी नाही, पण ते वाळूत चालतात, जांभ्याच्या पाखाडीवरही, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरही.

(दृश्य: पाखाडी उतरणारी एक मावशी.)

तोवर घरात कुणाचा गुडघा कुरकुरत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी मोबाइल गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टेकवून ठेवा. एकदा बाजूने, एकदा मागून, पूर्ण माणूस दिसेल असा व्हिडिओ घ्या. लुगडं घोट्याच्या वर हवं. आणि चाल ओटीवरची नको, पाखाडीवरची घ्या, तीही उतरतानाची. उतरताना अंगाचा भार गुडघ्यालाच आवरून धरावा लागतो.